सगळ्यांनाच क्लोराइड

बाबांचा फोन आला तेव्हा माझ्यासमोर टायट्रेशन चालू होतं. कुडाळला पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत मी काम करते आणि कामाच्या वेळी बाबा कधी फोन करत नाहीत. "लोबो सर गेले गो," ते म्हणाले. "सकाळी चाय पिऊन खुर्चेर बसले, ते उठाकच नाय." ब्युरेटची तोटी बंद करायची राहून गेली आणि फ्लास्कमधला रंग केव्हाच बदलून गेला. तो नमुना ओतून टाकला, पुन्हा पहिल्यापासून मोजला, आणि मगच धामापूरला सरांच्या घरी निघाले. सरांनीही तेच करायला लावलं असतं. वर "रडाचा आसा तर मोजून झाल्यार रड" असं ऐकवलंही असतं. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले.

मालवणच्या बाजूला, खाडीकाठच्या आमच्या गावातल्या कनिष्ठ महाविद्यालयात आग्नेल लोबो सर अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवायचे. धामापूरहून स्कूटरने येत. शर्टाला ॲसिडने पडलेली बारीक भोकं, आणि त्याचं त्यांना काही नाही. शिकवताना अगदी पुस्तकी मराठी, पण कुणी घाबरलेलं दिसलं की लगेच मालवणीवर घसरत. मी तर कायमच घाबरलेली. मोल म्हणजे काय हे तीन वेळा पाठ केलं होतं आणि तीनही वेळा कळलं नव्हतं. अकरावीच्या पहिल्या सत्रात रसायनशास्त्रात पन्नासपैकी अकरा मिळाले. बाबांनी गुणपत्रिका उलटीसुलटी करून पाहिली, मागे आणखी काही गुण लिहिलेले असावेत तशी. "आर्ट्साक जा," ते म्हणाले. "थंय तरी पास होशीत." मी रडले, भांडले, दोन वेळा जेवले नाही. सायन्स सोडायचं नव्हतं मला… पण का, ते काही धड सांगता येत नव्हतं.

त्याच आठवड्यात मी तो पराक्रम केला. क्षार ओळखायचं प्रॅक्टिकल होतं. सरांच्या आधी प्रयोगशाळेत जाऊन डिस्टिल्ड वॉटरचा कॅन उचलायला गेले आणि तो सगळा फरशीवर पालथा झाला. बाहेर कॉलेजची विहीर होती, आमच्या भाषेत बाव. अर्धी वाडी तिचं पाणी प्यायची, पाहुण्यांना कौतुकाने पाजायची. एवढं गोड पाणी, त्याने काय बिघडणार? कॅन भरला आणि ठेवून दिला.

तासाभरात सरांच्या टेबलाशी रांग लागली. प्रत्येकाचा क्षार वेगळा, पण उत्तर एकच. परीक्षानळीत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले की पांढरा साका. क्लोराइड! अठराच्या अठरा जणांना. सरांनी स्वतः करून पाहिलं, तरी तेच. मग त्यांनी सिल्व्हर नायट्रेटची बाटली उचलली आणि "माझंच द्रावण बिघडलं, टाकून देतो" असं म्हणत बेसिनकडे निघाले. ते महागाचं औषध किती जपून वापरायचे ते मला माहीत होतं. "सर, मी बावचा पाणी भरलंय," असं मी ओरडलेच. वर्ग खदखदून हसला. सर वळले. "पाणी सांडला ता सांगूक भियालंस, आणि बावचा भरूक भियाक नाय?" मग त्या कॅनकडे बघत म्हणाले, "बरा. उद्या सगळ्यांनी आपापल्या बावचा पाणी घेवन येवा."

दुसऱ्या दिवशी टेबलावर अठरा बाटल्या, खाडीपासून ज्याचं घर जितकं लांब त्या क्रमाने. खाडीजवळच्या पाण्यात मीठ, म्हणजेच क्लोराइड, जास्त; थेंब पडला की दह्यासारखं पांढरं, आणि धामापूरहून सरांनी आणलेल्या एकोणिसाव्या बाटलीत नुसता धुरकटपणा. आमची बाटली सहावी होती. आईच्या मते आमच्यासारखं गोड पाणी पंचक्रोशीत नाही, आणि नळीत बघते तर दूध. मी ती नळी घेऊन खिडकीशी उभीच राहिले. पुस्तकातलं काहीतरी पहिल्यांदाच आमच्या परसात येऊन उभं राहिलं होतं.

घरी सांगितलं तेव्हा आई रागावली. बाबा मात्र परसातल्या पोफळींकडे बघू लागले. त्या वर्षभर पिवळ्या पडत होत्या. कुणी कीड म्हणे, कुणी नजर. पुढच्या आठवड्यात बाबा इस्त्रीचा शर्ट घालून कॉलेजात आले. पहिल्यांदाच, असं मला वाटलं. बाबांनी विहिरीवर पंप कधी बसवला ते सरांनी विचारलं आणि सांगितलं, "एकदम उपसू नकात. थोडा थोडा काढा, नायतर खाडी आत येतली." निम्म्या पोफळी वाचल्या. आर्ट्सचं नाव घरात पुन्हा निघालं नाही. मला वाटे, माझ्या उपासांना यश आलं! बारावीला काही दिवे लावले नाहीत. पास झाले एवढंच. सर म्हणाले, "झालंस मां? मगे पेढे खंय?"

परवा सरांच्या महिन्याच्या मिस्साला, त्यांच्यासाठीच्या प्रार्थनेला, बाबा आपणहून आले. चर्चमध्ये कधी उठायचं, कधी बसायचं कळेना, म्हणून पूर्ण वेळ उभेच राहिले. परतताना धामापूरच्या तळ्यापाशी म्हणाले, "जरा थांब."

पायरीवर बसले. पाण्याकडे बघत म्हणाले, "तुझो दाखलो काढूक मी अर्ज दिल्लंय. सरांच्याच हातात."

"कधी?"

"तू पाणी सांडलंस, त्याच्या आदल्या दिसा. सर म्हणाले, आठ दिवसांनी येवा."

म्हणजे त्या दिवशी माझ्याकडे वळून बघताना सरांना सगळं ठाऊक होतं… आणि ते मला एका शब्दाने बोलले नाहीत.

"मगे?" मी विचारलं.

"मगे काय. आठ दिवसांनी मी गेलंय खरो, पण पोफळीचा इचारूक." बाबा उठले, धोतर झटकलं. "अर्जाचो विषय त्यांनी काढूक नाय, मियांय काढूक नाय. अजून सरांकडेच आसतलो तो."