उजव्या बाजूची कॅसेट

रहीमभाईंचं कॅसेटचं दुकान आणि माझा फॉल-पिकोचा गाळा यांच्यामध्ये एकच फळीची भिंत होती. म्हणून मी संगीतातली जाणकार झाले, नाहीतर मला कोण विचारत होतं? पुण्याच्या कॅम्पातल्या त्या गल्लीत सिनेमाच्या गाण्यांची दुकानं पैशाला पासरी. रहीमभाईंचं नाव मात्र वाद्यसंगीतासाठी, आणि त्यातही रोमँटिक सॅक्सोफोनसाठी. कव्हरवर चंद्र, गुलाब, नाहीतर पाठमोरी बाई. सकाळी शटर वर गेलं की तो सॅक्सोफोन जो गळा काढायचा, तो दिवसभर.

"अहो, तुमच्या ह्या भोकाडाने माझी शिलाई वाकडी जाते," मी भिंतीवर थाप मारून ओरडायचे.

"वाकडी शिलाई तुमची जुनीच आहे, सत्यशीलाताई. सॅक्सोफोनला कशाला नावं ठेवता?" पलीकडून उत्तर यायचं. येरवड्याचा माणूस, पण पेठेतल्यासारखा टोमणा मारायचा.

पुढे हिंजवडीला कंपन्या आल्या आणि गळ्यात ओळखपत्राचे पट्टे अडकवलेली मुलं शनिवार-रविवारी गल्लीत दिसायला लागली. हातात पगार, गाडीत नवा टेप आणि शेजारच्या सीटवर कुणीतरी. मग काय, सॅक्सोफोन हवाच! रहीमभाईंचे चांगले दिवस आले ते ह्या मुलांमुळे.

त्यांची धंद्याची एक रीत होती. चोरीच्या भीतीने बाहेर मांडायची ती नुसती रिकामी कव्हरं. कॅसेटी सगळ्या आत, फळीवर. गिऱ्हाइकाने कव्हर निवडलं की आतली कॅसेट काढायची, डेकवर वाजवून दाखवायची, आणि डेकमधून काढून थेट कव्हरात घालून द्यायची. न वाजवता त्यांनी एकही कॅसेट विकली नाही. डेक दोन कॅसेटींचा होता. डावी बाजू गिऱ्हाइकाची. उजव्या बाजूला कायम एकच कॅसेट असायची, पारदर्शक, वर काही न लिहिलेली. ती तालिबची.

तालिब त्यांचा धाकटा भाऊ, लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचा. गोड पोरगा हो. माझ्याकडून बँडच्या कोटाची बटणं लावून घ्यायचा आणि वर "ताई, तुमच्या मुलीच्या लग्नात फुकट वाजवतो" म्हणायचा. वाघोलीचं एक लग्न वाजवून परत येताना नगर रस्त्यावर ट्रकने उडवला. आवाज म्हणावा असं मागे राहिलं ते एवढंच, घरी रियाज करताना सहज भरलेली ती कॅसेट.

शुक्रवारी नमाज झाली की रहीमभाई अम्मींना रिक्षाने दुकानात आणायचे आणि स्टुलावर बसवून उजवी बाजू चालू करायचे. गंमत सांगते, अम्मींना सॅक्सोफोन मुळीच आवडत नसे. "वो भोंगा," म्हणायच्या. पहिली धून चालू असताना चक्क पेंगायच्या. पण ती संपली की कॅसेटमध्ये कप वाजायचे, कुणीतरी खोकायचं, आणि तालिबचा आवाज यायचा, "अम्मी, चाय रखो, ये खतम करके आता मैं." मग तो हसायचा. तेवढ्यापुरत्या अम्मी जाग्या व्हायच्या आणि स्टुलावरूनच म्हणायच्या, "रखती, रखती." दर शुक्रवारी. मग दुसरी धून लागली की पदर सावरून उठायच्या. त्या एका वाक्यासाठी ती बाई आठवडा ढकलत होती, दुसरं काही नाही.

"अहो, गावाला कॉपी करून देता, ह्याची एक करून ठेवा की," मी कितीदा म्हटलं असेल.

"करतो ना. जरा उंची टेप येऊ द्या, तालिबला साध्या टेपवर नाही घालायचा."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. उंची टेप कसली येते! सगळ्या जगाला सीडीचं वेड लागलं होतं.

दोन हजार दोनचा व्हॅलेंटाइन डे. दुकानात ही झुंबड! रहीमभाई एकटे, हात मशीनसारखे चालत होते, कॅसेट आत, वाजव, काढ, कव्हरात घाल, पिशवीत टाक. वऱ्हाडी बोलणारा एक मुलगा आला, निळा पट्टा, अंगापिंडाने धिप्पाड. त्याने चंद्राचं कव्हर निवडलं. रहीमभाईंनी डाव्या बाजूला वाजवून दाखवलं, आणि तेवढ्यात दुसऱ्या कुणीतरी हाक मारली. मान तिकडे वळली, हात उजवीकडे गेला.

संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर भिंतीपलीकडून जो आवाज आला तो मी जन्मात विसरणार नाही. ओरडणं नव्हतं ते. जनावर कण्हतं तसं काहीतरी. मी धावत गेले तर रहीमभाई जमिनीवर बसलेले, हातात गर्दीत बाजूला पडलेली ती छापील कॅसेट, चंद्राच्या कव्हरात जायची ती, आणि डेकची उजवी बाजू रिकामी.

त्यानंतर तो माणूस माणसात राहिला नाही. दाराशी पाटी लावली, 'निळ्या पट्ट्याच्या भावाने कृपया परत यावे, दुकानातलं हवं ते घेऊन जावे.' पुणेकरच ते, पाटी वाचून हसून पुढे जायचे. फुकट मिळतंय म्हणून खोटे निळे पट्टेवाले मात्र आले. सकाळी दुकान बंद ठेवून रहीमभाई कर्वेनगरला कंपन्यांच्या बस थांबतात तिथे उभे राहायचे आणि दिसेल त्या उंच मुलाला विचारायचे, "भाऊ, तुम्ही कॅम्पातून सॅक्सोफोन घेतला होता का?" एकाने वॉचमन बोलावला. मी दोनदा बरोबर गेले आणि मग नाही गेले. बघवेना हो.

अम्मींना सांगितलं, मशीन बिघडलंय. तरी त्या शुक्रवारी यायच्याच. "बनी क्या?" विचारायच्या, आणि नाही म्हटलं की तशाच बसून राहायच्या. एकदा माझा हात धरून म्हणाल्या, "सत्तू, चेहरा है आँख के सामने. आवाज जा रा. जल्दी बनाओ बोल उसकू." मी कसलं बोलते! घरी येऊन पोळ्या लाटताना रडले.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. आणि एका शुक्रवारी, अम्मी स्टुलावर असतानाच, तो आला. निळा पट्टा जाऊन लाल झाला होता, पण तोच. मी पायमशीन सोडून त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले.

"काका, ते चंद्राच्या कव्हरवालं घेतलं होतं मी. कव्हरवर नाव दुसऱ्याचं, पण वाजवणारा कोणी वेगळाच वाटून राहिला. एक नंबर माणूस! त्यावरच जमलं माझं," तो लाजला. "याच आर्टिस्टचं अजून काही भेटंल काय?"

काउंटर ओलांडून रहीमभाईंनी त्या मुलाला मिठीच मारली. दिग्विजय त्याचं नाव. बिचारा गांगरला. "कॅसेट," रहीमभाई म्हणाले, "ती कॅसेट कुठाय?"

"माझ्याकडे याहून भारी आहे," म्हणत त्याने बॅगेतून सीडी काढली.

काउंटरवर नव्याने आणलेला सीडी प्लेयर होता, त्यावर सीडी लागली. पहिल्या सुरालाच मी ओळखला, तालिब! खरखर नाही, घरघर नाही, जणू आत्ता समोर बसून वाजवतोय. मी दारातून आत सरकले. अम्मी ह्या वेळी पेंगल्या नाहीत. ताठ बसल्या होत्या, ओठ आधीच 'रखती' म्हणायला तयार.

धून संपली. आणि लगेच दुसरी सुरू झाली.

रहीमभाईंनी सीडी थांबवली. "मधलं?"

"ते काढलं ना, काका. कप वाजत होते, कोणीतरी खोकत, बोलत होतं. सॉफ्टवेअरनं पूर्ण साफ केलं. तीन रविवार बसलो."

"मूळची टेप?"

"रूम बदलली तेव्हा भंगारात दिली. गाडीत आता सीडीच आहे."

"कॉम्प्युटरवर तरी...?"

"ऑफिसच्या मशीनवर होतं. ती कंपनी सोडली मी." आता त्याचाही चेहरा उतरला. "काका, काही चुकलं काय?"

काय सांगायचं त्याला? त्याने जीव लावूनच केलं होतं, मेल्याने.

"आया नै अभी?" अम्मींनी विचारलं.

रहीमभाई भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. एकदा खोकले. आणि तालिबच्या लकबीत, तसेच शब्द ओढत म्हणाले, "अम्मी, चाय रखो, ये खतम करके..."

"तू नको बोल रे," अम्मी म्हणाल्या. रागाने नाही, लहान पोराला गप्प करावं तशा. "उसकू बोलने दे."

रहीमभाईंनी सीडी पुन्हा पहिल्यापासून लावली.