अमावस्येची सुट्टी

नागम्माला सगळे भांडखोर म्हणतात. म्हणोत. लातुरातल्या आमच्या डाळमिलमध्ये तिला धरून आम्ही वीस बायका डाळ निवडायचो, त्यांची ती मुकादम. अठरा वर्षं होती.

अमरनाथला तिनंच पोती शिवायच्या कामाला लावलं. तिच्या गल्लीतला, तिशीतला. मध्ये दोन वर्षं त्याच्या कानात आवाज यायचे. सरकारी दवाखान्याच्या औषधानं ते थांबले, पण कपाळावरचा 'येडा' हा शिक्का तसाच राहिला. मालक मलप्पा शेठ म्हणाले, "ह्याच्या हातात दाभण द्यायचं व्हय?" नागम्मानं दाभण दिलं आणि स्वतः समोर बसली. सहा महिन्यांत पोती शिवण्यात त्याचा हात धरणारा कुणी उरला नाही. मशिनीच्या आवाजानं तो कावराबावरा झाला, की ती त्याला चहाला पाठवायची. एवढीच काय ती मदत लागायची!

शेठची अट एकच. अमावस्येला यायचं नाही, असल्यांचं डोकं त्या दिवशी फिरतं म्हणे. पगार कापून सुट्टी. नागम्मानं दातओठ खात ते सोसलं आणि त्याचं महिन्याचं इंजेक्शन त्याच दिवशी उरकायला लागली. दीड वर्ष निभावलं.

मागच्या महिन्यात अमावस्या आली रविवारी. आमच्या मिलला रविवार नसतो, दवाखान्याला असतो. अमरनाथनं शनिवारीच सोमवारची सुट्टी मागितली.

"उद्याची सुट्टी हाय की," शेठ म्हणाले. "दोन-दोन कशाला?"

इंजेक्शन चुकलं तर तो पुन्हा आजारी पडणार, हे शेठला चांगलं ठाऊक होतं. नागम्मा अमरनाथला म्हणाली, "तू जा. मी बघते."

मंगळवारी त्याच्या जागी दुसराच माणूस पोती शिवत होता. नागम्मा तडक शेठच्या पुढ्यात गेली. "अमावस्या तुमच्या डोक्यात हाय, शेठ. त्याचं औषध चालू हाय. तुमचं कवा चालू करायचं?"

"तू बी नीघ."

"अक्का, मी जातो. तुमी ऱ्हावा," अमरनाथ रडकुंडीला आला. तिनं त्याचा दंड धरला आणि दोघं फाटकाबाहेर पडली.

आम्ही एकोणीस जणींनी बघितलं. बाळंतपणानंतर मला कामावर परत घ्यावं म्हणून हीच नागम्मा शेठशी भांडली होती. कुणी तोंड उघडलं नाही. शेठचा संताप येतोच, पण त्याहून जास्त मला माझाच येतो.

संध्याकाळी शेठनं विचारलं, "मुकादमकी करतीस का?"

मी 'हो' म्हणाले.