सत्कारात संपलेला सामना

शिलाई मशीनच्या चाकावर तळहात ठेवून मामा ते गपकन थांबवत आणि म्हणत, "तुमी काय ऐकलं रे पोरांनो? सामना आमी ऐकला."

झालं. आता अर्धा तास तुमची पँट विसरा.

आमच्या जवळा बाजार गावात पूर्वी कव्वालीचा सामना होई. दोन पार्ट्या समोरासमोर. एकीने गाण्यात सवाल टाकायचा, दुसरीने गाण्यातच जवाब द्यायचा. मामांचा जवाब ऐकून एकदा समोरची पार्टी ढोलक काखोटीला मारून पळाली होती म्हणे. दर खेपेला ती आणखी लांब पळे. शेवटी शेवटी कळमनुरीपर्यंत पोचली. "मग म्हणून दाखवा की," म्हटलं, की मामा कात्री उचलत. "दुकानात न्हाई. सवाल आल्याबिगर जवाब निघत नसतो."

अखेर आम्ही पोरांनीच सामना पुन्हा भरवायचं ठरवलं. मंडप, पोस्टर बाकीच्या पोरांचं, साऊंड माझ्या दुकानाचा. एकदाचा तो जवाब ऐकायचा आणि कटकट मिटवायची. म्हाताऱ्यांना रात्र झेपत नाही म्हणून कार्यक्रम दुपारी ठेवला.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. सत्कार सुरू झाले. आजी सरपंच, माजी सरपंच, मंडपवाला, पाण्याचे जार देणारा. कुणाचं तोंड जरा वाकडं दिसलं की मामा शाल घेऊन उठत. हातात वायरी असताना माझाही सत्कार झाला. शाल मिळालेला प्रत्येक जण माईक धरून आम्हालाच सुनावत होता, की नव्या पिढीला गाण्याची गोडी नाही. गाणं होतं कुठे?

समोरच्या पार्टीने सवाल टाकला, तोवर खेड्यांकडे जाणारी शेवटची एसटी लागली. मामांनी माईक घेतला आणि सगळं मैदान खांद्यावरच्या शालींसकट एसटीकडे धावलं.

"मामा, येवढे सत्कार काहून केले?" मी चिडलो.

"माणसं नाराज झाली असती रे. गाणं काय, पुढच्या साली हायेच."

ते उरलेल्या एका शालीची घडी घालत होते. ती त्यांची होती. त्यांचा सत्कार कुणाला आठवलाच नव्हता.

पावसाळ्यात मामा गेले.

परवा ती शालवाली म्हातारी मंडळी माझ्याकडे आली. "यंदा मामांचा मरणोत्तर सत्कार घेऊन राहिलो. साऊंड लागतो तुझा."

"आन् गाणं?"

"टाइम उरला तर बघू."

मी साऊंड देणार नाही म्हणून सांगितलं. पोरगं माजलं, म्हणाले. म्हणोत. मामा मला फार आवडायचे. इतकी वर्षं भिंतीला भिंत लागून दुकान, आणि हा माणूस गायचा कसा, हे मी एकदाही ऐकलं नाही.