भिंतीवरची काच

झुंबरबाईंच्या घराची मागची भिंत रावजी मिस्त्रीने बोटांच्या पेरांनी वरपासून खालपर्यंत वाजवून पाहिली आणि वरच्या मजल्याचं काम नको म्हणाला. १९९८ सालची दिवाळी नुकतीच सरली होती. ज्ञानेशचं लग्न वैशाखात करायचं होतं आणि सून येण्याआधी वर दोन खोल्या हव्यातच, असा त्याच्या आईचा, झुंबरबाईंचा, हट्ट होता.

मखमलाबाद रस्त्याला आज हे घर आहे तिथे पूर्वी त्यांचा वांगी-मिरचीचा मळा होता. विहीर आटली तेव्हा झुंबरबाईंच्या मालकांनी ती दगडमातीने बुजवली आणि पुढे घराचा मागचा कोपरा नेमका तिच्यावर आला. ती माती पाट्यांनी वाहणाऱ्या मजुरांत पेठ तालुक्यातून आलेला विशीतला रावजी होता. नंतर तो गवंडी झाला, मिस्त्री झाला, पण विहीर विसरला नाही.

सात वर्षांपूर्वी एका बंगल्यात मधली भिंत काढताना त्याला वरून बारीक कुरकुर ऐकू आली होती. ठेकेदार रागावेल म्हणून तो गप्प राहिला. दुपारी स्लॅब खाली आला, आणि खाली त्याचा जोडीदार मंगळू होता. मंगळूची बायको पुढे कधीही भेटली की एकच विचारायची, तुला आधी काही कळलं नव्हतं का. तेव्हापासून रावजी गप्प बसत नसे. त्यामुळे त्याला कामंही कमीच मिळत.

मागच्या कोपऱ्यात केसाएवढी भेग होती. रावजीने तिच्यावर काचेची पट्टी आडवी ठेवली, दोन्ही टोकं सिमेंटने पक्की केली आणि शेजारी खिळ्याने तारीख कोरली.

"वहिनी, भिंत हलली तर ही तुटंल. एक उन्हाळा, एक पावसाळा जाऊ द्या. मग बघू."

"तवर सुनेला काय काचेत तोंड बघत बसवू?" झुंबरबाई म्हणाल्या.

चंदर ठेकेदाराने चपला न काढताच पाच मिनिटांत घर पाहिलं आणि अक्षय तृतीयेच्या आत वास्तुशांत होईल असा शब्द दिला. त्याची आधीची दोन कामं शेजाऱ्यांनी दाखवली. दोन्ही छान रंगवलेली होती. काम त्याला मिळालं. विहिरीबद्दल त्याने विचारलं नाही आणि झुंबरबाईंनीही सांगितलं नाही.

रावजी रस्त्याने दिसला की ज्ञानेश हसून म्हणे, "काका, तुमची काच ठणठणीत आहे." रावजी आत येऊन पाहून जाई. माघापर्यंत ती शाबूत होती. फाल्गुनात वर विटा चढल्या. चैत्रात तो आला, तर भिंतीवर काच दिसेना. चंदरच्या माणसांनी तिच्यावरूनच प्लॅस्टर ओढून पिस्ता रंग मारला होता.

हळदीचं आमंत्रण रावजीलाही होतं. उन्हाने काळ्या जमिनीत हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. मांडव वरच्या गच्चीवर होता, पाण्याची पिंपंही वर चढवली होती. रावजी वर गेलाच नाही. तो मागच्या खोलीत आला. दिवाळीत सहज लागणारं दार आता चौकटीत घासत होतं. कोपऱ्यात रंगाचा एक पट्टा बाकीच्या भिंतीहून ताजा होता, भेग पुन्हा लिंपून झाकल्यासारखा. त्याने भिंतीला कान लावला. वर बायका नाचत होत्या, पण त्या तालाशी न जुळणारा एक आवाज भिंतीत होता. कोणी थांबून थांबून सुपारी कातरावी तसा.

त्याने पिशवीतून छिन्नी काढली, तसा मागोमाग आलेल्या ज्ञानेशने त्याचा हात धरला.

"काका, आज नको. घर पाहुण्यांनी भरलंय."

"म्हणून तर," रावजी म्हणाला.

हात सोडवून त्याने छिन्नी मारली आणि प्लॅस्टरचा पोपडा निघाला. झुंबरबाई हळदीचं ताट घेऊन दारात उभ्या होत्या. काच मधोमध तुटली होती आणि एक तुकडा दुसऱ्यापेक्षा तांदळाच्या दाण्याएवढा खाली सरकला होता.

"वहिनी, इहीर तुम्हाला ठाऊक हाय," रावजी हळू आवाजात म्हणाला. "समद्यांना खाली घ्या. कशापायी ते सांगू नका. पळापळ झाली तर लय वाईट होईल."

झुंबरबाईंनी ताट तिथेच टेकवलं आणि बाहेरच्या जिन्याशी जाऊन वर हाक दिली. हळद खाली अंगणात लागणार, आमच्यात तशीच रीत हाय, असं त्या म्हणाल्या. अशी रीत कोणाच्या ऐकिवात नव्हती. ही ऐन वेळेला कुठून काढली, असं कुरकुरत माणसं एकेक करून उतरू लागली. सगळ्यांत शेवटी पाहुण्यांतल्या म्हाताऱ्या नवसाबाई, पायरीपायरीवर दम घेत. त्या उतरेपर्यंत रावजी भिंतीला तळवा लावून उभा होता.

मग तो बाहेर आला. मागच्या खोलीचं दार ओढायला गेला, तर ते अर्ध्यावर अडकलं ते हलेचना.

"ताट आतच राहिलं," असं म्हणून ज्ञानेश वळला.

झुंबरबाईंनी त्याचं मनगट घट्ट धरलं. अर्ध्या उघड्या दारातून ते ताट दिसत होतं, आणि पिवळ्या हळदीवर वरून पांढरी भुकटी पडत होती.