बांधावरचं रानवांगं

आमच्या भावकीत डोकी फुटतात ती बांधावरून. एकदाच एका झाडापायी रक्त सांडलं, आणि ते आठवलं की अजून माझं टाळकं फिरतं.

विश्रामबागच्या कॉलेजात मी वांगं, टोमॅटो, बटाटा, तंबाखू यांचे जनुकसंच शेजारीशेजारी ठेवून बघते. कोण कुणाच्या किती जवळचं, कुणी वाटेत काय गमावलं. शेतातल्या वांग्यानं काटे गमावले, आणि बहुधा रोगाशी झुंजायची ताकदही. वडिलांचा वांग्याचा प्लॉट दरसाल मर रोग लागून उभ्याउभ्या सुकायचा. आमच्या आणि चुलत्यांच्या सामाईक बांधावरचं काटेरी रानवांगं मात्र हिरवंगार. त्याचं बी मिळालं असतं तर वांग्याशी संकर करून बघता आला असता. फळं अजून कच्ची होती. म्हणून मी झाडाशेजारी काठी रोवली, लाल चिंधी बांधली आणि वडिलांना राखण करायला सांगितलं.

चुलत्यांना ती जमिनीच्या मोजणीची खूण वाटली.

सकाळी बर्फाचा डबा घेऊन मी पानं न्यायला गेले, तर चुलते कोयता घेऊन झाडाला भिडलेले आणि वडील आडवे उभे. "चोरून मोजणी आणतोस व्हय रं?" म्हणत चुलत्यांनी तीच काठी उपटून वडिलांच्या मनगटावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मला बांधाखाली ऐकू आला. वडिलांनी डाव्या हातानं ढेकूळ उचललं आणि त्यांच्या तोंडावर हाणलं. ओठ फाटला. सख्खे भाऊ पक्के वैरी म्हणतात, ते मी उसाच्या सरीत लोळताना पाहिले.

मी मध्ये घुसले. "आवं काका, खूण माजी हाय. बांधाची न्हाई, झाडाची हाय. ह्ये आपल्या वांग्याच्या भावकीतलं हाय."

चुलते रक्त थुंकले. "भावकीतलं हाय न्हवं? मग मुळासकटच काढाय पायजे."

त्यांनी ते दोन्ही हातांनी उपटलं. तळहात काट्यांनी सोलले तरी सोडलं नाही. मग कोयत्यानं खांडोळी केली, कच्ची फळं टाचेखाली चिरडली.

मी शिव्या देत, रडत त्या तुकड्यांवरची पानं डब्यात भरली. पानं ताजी होती, जनुकं वाचायला पुरेशी. उगवेल असं बी एकही नव्हतं.

मिरजेच्या दवाखान्यात प्लास्टर ओलं असतानाच वडिलांनी विचारलं, "बी घावलं का?"

मी नाही म्हणाले.

ते म्हणाले, "मंजी ह्या सालीबी वांगी मरत्यात म्हण की."