खंडेनवमीची रायफल

“कोणी घासली ही?” मी विचारलं. जरा चढ्याच आवाजात.

टेबलापलीकडे इंग्लंडातल्या रीडिंग गावच्या सुलभाकाकू बसल्या होत्या. पंच्याहत्तरीच्या. “मी,” त्या अभिमानाने म्हणाल्या. “दर खंडेनवमीला. आधी चिंच, मग तारेची घासणी. देवाच्या भांड्यांसारखी लख्ख!”

मी कपाळाला हात लावला.

मी एका ऑक्शन हाउसमध्ये जुन्या बंदुकांची पारख करतो. काकूंचे यजमान डॉक्टर. सुट्टीत स्कॉटलंडला हरणांच्या शिकारीला जायचे. ते वारले आणि रायफल काकूंकडे आली. पोलिसांनी दिलेलं टेम्पररी परमिट महिनाअखेर संपणार होतं. तोवर गिऱ्हाईक मिळालं नाही, तर रायफल पोलिसांत जमा करायची. तिथे ती कापून भंगारात जाते.

“भंगारात नको हो,” काकू म्हणाल्या. “ह्यांचा जीव होता तिच्यावर.”

संग्राहक रायफल चालवत नाही, बघतो. त्याला कारखान्यातून निघाली तशीच हवी असते. पोलादावरचा निळसर काळा थर, म्हणजे ब्लूइंग, आणि हाताने कोरलेली नक्षी, सगळं मूळचं. इथे थर साफ गेलेला, नक्षीतली हरणं पुसटलेली.

माझा बॉस मार्टिन आला. एक नजर टाकली. “नॉट फॉर अस.”

“मार्टिन, नळी तरी बघू दे.”

“टू मिनिट्स.”

मी नळीत टॉर्च मारला आणि बघतच राहिलो. आतल्या पीळदार खाचांमुळे गोळी सरळ जाते. त्या नव्यासारख्या होत्या. डॉक्टरांनी शिकारीहून आल्यावर दरवेळी नळी साफ केली असणार. म्हणजे मिरवायला ही रायफल बाद झाली होती, पण कामाला पक्की होती.

मेकरचं लेबल शोधायला मी रायफलच्या पेटीतलं बनातीचं कापड उचललं. खाली डॉक्टरांच्या नावे आमच्याच ऑफिसचं पत्र निघालं, काकूंच्या लग्नाआधीचं. ‘मूळ फिनिश उत्तम. कृपया पॉलिश करू नये.’

खिशात घालावं असं क्षणभर वाटलं. पण काकूंनी पाहिलं होतं. मी वाचून दाखवलं, अर्थही सांगितला.

“म्हणजे ह्यांना माहीत होतं?” काकू पुटपुटल्या. “दरवर्षी समोर बसून चहा प्यायचे. म्हणायचे, ‘सुलभा, काय चमकतेय गं!’ एकदासुद्धा बोलले नाहीत हो.” त्या हसल्या आणि मग पदराने डोळे टिपत राहिल्या. मला माझ्या मघाच्या आवाजाची लाज वाटली.

मार्टिनला मराठी कळत नाही. तरी तो स्वतःच रायफलला शिकारी गिऱ्हाईक शोधायला फोनकडे वळला.

परमिट संपायला चार दिवस उरले असताना फियोना आली. स्कॉटलंडच्या जंगलात हरणांची संख्या आटोक्यात ठेवणं हे तिचं काम. रेंजवर तिने तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही एका बशीत मावतील इतक्या जवळ. “शी’ल वर्क,” ती म्हणाली आणि रायफल विकत घेतली.

काकूंनी तिच्या हातावर नारळ ठेवला आणि मला भाषांतर करायला लावलं, “खंडेनवमीला नुसतं फूल वाहायचं म्हणावं. चिंच नको.”

आता मराठी घरातून बंदूक आली, की मी आधी दसऱ्याची चौकशी करतो. आवाज खाली ठेवून.