दादाची शेवटची कुपी

प्रयोगशाळेत तिला सगळे दाई म्हणत. रोग्यांच्या कातडीतून काढलेल्या पेशी बशीत वाढवायच्या, खाऊपिऊ घालायचं, बशी भरली की दोन बशांत वाटणी करायची, हे तिचं काम. उबदार कपाटाशी ती बोलते अशी कुजबुज होती. बोलते कसली, चक्क भांडायची! तिथल्या एका बशीत तिचा दादा होता ना.

दादा जाऊन बरीच वर्षं झाली. आधी पाय गेले, मग श्वास. वडिलांचंही तसंच झालं होतं. जाण्याआधी त्याने दंडाची चिमूटभर कातडी देऊन ठेवली, ती अजून वाढत होती. कपाट उघडलं की मागे कुणी उभं असल्यासारखं वाटे. दाई वळून बघायचं टाळायची.

आता दादाची लेक जिना चढताना कठडा धरून पाय ओढू लागली होती.

प्रयोगाच्या प्रमुख, म्हणजे मोठ्या बाई, त्याच रोगामागे हात धुऊन लागल्या होत्या. पेशी जनुकावरून आरएनए नावाची प्रत काढते, ती वाचून प्रथिन बनवते. मूळ जनुकाला धक्का न लावता प्रतीतलं चुकलेलं अक्षर तेवढं बदलायचं, असा त्यांचा डाव. दादाच्या पेशींवर तो पुन्हापुन्हा फसला.

बाईंनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. "अगं दाई, किती वाटण्या केल्यास? म्हातारं केलंस की त्यांना!"

खरंच होतं. लागतील तेवढ्या वाढवायच्या, बाकीच्या गोठवायच्या, ही रीत. पण दादाला गारठ्यात ठेवायला तिचा जीव धजेना. ती वाटण्या करत गेली, आणि दर वाटणीला पेशी थकत गेल्या. आता त्यांनी मान टाकली होती. अगदी सुरुवातीला गोठवलेली कोवळ्या पेशींची एकच कुपी उरली होती.

"तीच काढ," बाई म्हणाल्या. "पण तपासायला सगळ्या चिरडाव्या लागतील."

"मीच चिरडते. दुसऱ्याचा हात नको."

अक्षर बदलणारं औषध घातलं. चिरडायच्या वेळी कानाशी कुणी खाकरलं, दादा बोलण्याआधी खाकरायचा तसं. तिने हात थांबवला नाही.

तपासणीत योग्य प्रथिनाची पट्टी उमटली, काळी, ठसठशीत. डाव साधला होता.

"औषध माझ्यापर्यंत यायला वेळ लागेल ना गं, आत्या?" लेकीने विचारलं.

"लागेल. पण वाट आहे."

"आणि बशीतले बाबा? बरे झाले म्हणायचं, का गेले?"



"आधी बरा झाला," आत्या म्हणाली. "मग गेला."